शोभेच्या माशांचा व्यापार आणि पाणबुड्याची मजुरी



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने काचेच्या पेटीतल्या रंगीत माशांवर व्याख्यान द्यावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. संपाचा, बोनसचा किंवा कायद्याचा विषय सोडून हे कुठले खूळ, असेही कोणी मनात म्हणाले असेल. पण समुद्रातला प्रत्येक शोभेचा मासा कोणीतरी पाण्यात उतरून, हाताने, एकेक करून पकडलेला असतो. तो मासा जगभर विमानाने हिंडतो, दिवाणखान्यात मानाने राहतो, त्याच्यावर ग्रंथ लिहिले जातात. त्याला पकडणाऱ्या माणसाचा मात्र कोठे पत्ता नसतो. जिथे माल दिसतो आणि मजूर दिसत नाही, तिथे चौकशी करावी, ही सवय आम्हांला चळवळीने लावली आहे.

या व्यापाराच्या नीती-अनीतीची चर्चा जगात गेली कित्येक वर्षे चालू आहे. एका बाजूला मासे आणि प्रवाळाचे खडक, दुसऱ्या बाजूला मासे विकत घेणारे शौकीन, आणि मध्ये उपदेश करणारे पंडित, असे तिचे स्वरूप असते. पाण्यात उतरणारा माणूस या चर्चेत आलाच, तर आरोपी म्हणून येतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ज्या व्यापारात तळच्या माणसाला नगावर मजुरी मिळते, नुकसानीचा सारा भार त्याच्यावर पडतो आणि ज्या पाण्यावर तो जगतो त्या पाण्यावर त्याचा अधिकार नसतो, त्या व्यापारात समुद्र वाचत नाही, मग कायदे कितीही कडक करा. हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकते की नाही, ते आज पाहू.

हौशीचा उगम

समुद्र घरात आणण्याची हौस मूळची युरोपातली. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि काचेच्या भांड्यात वाढवले. पाणी शिळे झाले की प्रवाळ मरतात. त्यात हवा मिसळली पाहिजे. तेव्हा विजेचे पंप नव्हते. मग तजवीज काय केली? घरची मोलकरीण रोज अर्धापाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. बाईंचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले. मोलकरणीचे राहिले नाही. या धंद्याच्या पहिल्या पानावरच ही गोष्ट आहे, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला होता. आगगाड्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गपंडिताने मत्स्यालयावर पुस्तक लिहिले. ते इतके गाजले की सुशिक्षित कुटुंबे बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. पाहता पाहता खडकांमधली डबकी ओकीबोकी झाली. या गॉससाहेबांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या वडिलांविषयी पुस्तक लिहिले. त्यात वडिलांच्या लिखाणामुळेच त्या किनाऱ्याची लूट झाली, ही खंत त्याने नोंदवून ठेवली आहे. ज्याने निसर्गावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने निसर्ग लुटला गेला! प्रेम असले म्हणजे नुकसान होत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. गिरणगावातली मुले सुटीच्या दिवशी आईबापांचे बोट धरून तिथे जात आणि काचेला नाक लावून उभी राहत. गरिबाच्या मुलाला समुद्राच्या पोटातले वैभव दिसावे यात आम्हांला काहीच वावगे वाटत नाही. सार्वजनिक मत्स्यालय ही एक शाळाच आहे. प्रश्न आहे तो घरोघरच्या पेट्या भरण्यासाठी उभ्या राहिलेल्या बाजाराचा.

हौशीचा बाजार होतो

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत आणि टाक्यांत पैदा केलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या जातींची गोष्ट उलटी आहे. त्यांपैकी बहुतेक आजही थेट समुद्रातूनच पकडून आणाव्या लागतात. कारण त्यांची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात की त्यांना बंदिस्त जागी खाऊ घालून वाढवणे फार अवघड.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा परदेशी व्यापार १९३० च्या दशकात सिलोनातून अगदी लहान प्रमाणावर सुरू झाला. १९५० च्या दशकात हवाई आणि फिलिपीन्स त्यात आले. विमानवाहतूक वाढली, प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. पिशवीत थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरून मासा हजारो मैल जिवंत नेता येऊ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला अंदाज असा की वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख मासे विकले जातात, त्यांच्या १,४७१ जाती आहेत आणि या साऱ्या व्यापाराची उलाढाल वीस ते तेहतीस कोटी डॉलरांची आहे. एकट्या अमेरिकेत २००४-०५ या एका वर्षात एक कोटी दहा लाखांवर समुद्री शोभेचे मासे उतरले. त्यांतले निम्म्याहून अधिक फिलिपीन्सचे होते.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा बोलका आहे. मालदीवमध्ये २००० साली खाण्याच्या एक किलो प्रवाळी माशांची किंमत सुमारे सहा डॉलर होती. शोभेच्या एक किलो माशांची जवळजवळ पाचशे डॉलर. व्यापाराचे समर्थक हा आकडा पुढे करून म्हणतात की, पाहा, थोडे मासे पकडून गरीब कोळ्याला भरपूर पैसा मिळतो. हिशेब बरोबर आहे. पण तो किमतीचा हिशेब आहे, मजुरीचा नव्हे. पाचशे डॉलर कोणाच्या हातात पडतात, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

विषाची पिचकारी

आता फिलिपीन्सकडे वळू. कारण या धंद्याची सारी दुखणी तिथे एके ठिकाणी पाहावयास मिळतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथे मासे पकडण्याची एक नवी रीत निघाली. सोन्याच्या खाणीत आणि मुलाम्याच्या कारखान्यात वापरतात ते सोडियम सायनाइड. त्याच्या वड्या कुटून समुद्राच्या पाण्यात विरघळवायच्या, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायच्या, बुडी मारायची आणि मासा खडकाच्या फटीत शिरला की तिथे पिचकारी मारायची. मासा गुंगतो आणि हाताला लागतो. फार आत गेला असेल तर प्रवाळाचा खडक फोडून काढायचा. मोठा मासा गुंगतो तेवढ्या विषात लहान जीव मरतात. प्रवाळाचे जिवंत कवच पांढरे पडते. १९६० च्या दशकापासून फिलिपीन्सच्या खडकांवर दहा लाख किलोहून अधिक सायनाइड ओतले गेले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शोभेच्या माशांसाठी निघालेली ही रीत पुढे हाँगकाँगच्या खाणावळींना जिवंत मासे पुरवणाऱ्यांनीही उचलली.

पाणबुड्याचे काय होते? त्याच्याजवळ शौकिनांसारखे हवेचे नळकांडे नसते. होडीवर हवेचा पंप असतो, त्याला लांब रबरी नळी, आणि नळीचे टोक दातांत. तो खोल जातो, फार वेळ राहतो आणि झटकन वर येतो. तसे वर आल्यास रक्तात वायूचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडतात.

मग माणूस हे का करतो? अडाणी आहे म्हणून? लोभी आहे म्हणून? आम्ही म्हणतो, धंद्याची घडी पाहा. पाणबुड्या मासे विकतो ते गावच्या दलालाला. दलाल मनिलाच्या निर्यातदाराला. तो लॉस एंजेलिसच्या आयातदाराला. तिथून घाऊक व्यापारी, मग दुकानदार, मग शौकीन. पाणबुड्याला मजुरी आहे नगावर. होडीचे तेल, घरचे तांदूळ आणि पुष्कळदा ते विषसुद्धा दलालाकडून उचलीवर घेतलेले. उचल घेतली की भाव दलालाचा. आणि मासा वाटेत मेला, किंवा कल्ले फाटलेला निघाला, तर तो नग बाद. त्याचे पैसे नाहीत.

आमच्या श्रोत्यांत बिडी कामगार भगिनी असतील तर त्यांना हे समजावून सांगणे न लगे. सिन्नर, सोलापूर, निपाणी येथल्या बिडी कारखानदारीत ‘छाट’ हा शब्द ज्याने ऐकला आहे, त्याला फिलिपीन्सचा पाणबुड्या परका वाटणार नाही. हजार बिड्या वळल्या, मुकादमाने मूठभर बाजूला काढल्या, त्यांची मजुरी बुडाली. म्हणून बाई आणखी वळते, मुलीला जोडीला बसवते. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी या छाटाला मर्यादा घालावी लागली, ती उगीच नव्हे. पाण्याखाली हाच न्याय चालतो. दहा नग बाद होणार म्हणून पाणबुड्या वीस जास्त पकडतो. विषाने मासा लवकर हाती येतो, पण तो पुढे मरतो. मरतो म्हणून बाद होतो. बाद होतो म्हणून जास्त पकडावा लागतो. जास्त पकडायचा म्हणून पुन्हा विष. हे चक्र त्या माणसाच्या स्वभावातून निघालेले नाही, मजुरीच्या पद्धतीतून निघालेले आहे.

कायदा आणि दाखला

फिलिपीन्समध्ये कायदा नव्हता असे नाही. १९७५ च्या मासेमारी हुकूमनाम्याने विष घालून मासे पकडणे गुन्हा ठरवले. १९९८ च्या मत्स्यसंहितेने ती बंदी पुन्हा घातली आणि २०१५ साली शिक्षा वाढवल्या. १९९० च्या दशकात माशांत सायनाइड आहे की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळाही निघाल्या. तरी विष चालूच राहिले. कारण पिचकारी सापडते ती पाणबुड्याच्या हातात. विषाची वडी गावात आणणारा आणि मासा विकून नफा घेणारा यांच्या हाताला तो वास लागत नाही.

खरेदी करणाऱ्या देशाचे पाहा. परदेशचा कायदा मोडून पकडलेला प्राणी आयात करू नये, असे सांगणारा लेसी कायदा अमेरिकेत १९०० सालापासून, पुढे दुरुस्त होत होत, चालत आला आहे. तो कायदा सायनाइडच्या माशांना लावा, अशी मागणी तिथल्या संस्थांना २०१६ साली सरकारकडे करावी लागली. म्हणजे विष सुरू झाल्यापासून पन्नासावर वर्षे लोटली, पण खालच्या टोकाला तुरुंग आणि वरच्या टोकाला संशयाचा फायदा, ही वाटणी काही बदलली नाही.

दुसरा उपाय शिकवण्याचा झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून इंटरनॅशनल मरीनलाइफ अलायन्स, हरिबॉन अशा संस्थांनी पाणबुड्यांना बारीक आसाच्या जाळ्याने मासे धरायला शिकवले. खडकाभोवती जाळ्याची भिंत उभी करायची, मासा हलकेच तिकडे हाकलायचा आणि हातजाळ्यात घ्यायचा. कौशल्याचे काम आहे आणि पाणबुडे ते शिकलेही. अडचण अशी की तसले बारीक जाळे गावात मिळेना, आणि जाळ्याने धरलेल्या निरोगी माशालाही दलाल विषाच्या माशाचाच भाव देई. ज्या कौशल्याला दर नाही, ते टिकणार कसे?

तिसरा उपाय दाखल्याचा. १९९८ साली होनोलुलू येथे मरीन अ‍ॅक्वेरियम कौन्सिल ही संस्था स्थापन झाली आणि २००१ च्या अखेरीस तिने प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. मासा नीतीने पकडला, नीट हाताळला, असा त्यावर शिक्का. कल्पना चांगली होती. प्रत्येक टप्प्यावर माशांची मर फार तर शेकडा एकपर्यंत असावी अशी अट घातली. पण शौकिनाने जादा पैसे मोजले तरच व्यापाऱ्याने जादा द्यावे, आणि व्यापाऱ्याने दिले तर ते पाणबुड्यापर्यंत झिरपावे, अशी ही साखळी होती. वरून खाली झिरपणाऱ्या पैशाचा अनुभव कामगारांना चांगलाच आहे. दाखल्याचे मासे थोडे मिळाले, गिऱ्हाईक थोडे मिळाले, आणि काही वर्षांत ही व्यवस्था थंडावली. त्या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण ज्या दाखल्यात मजुराचा दर लिहिलेला नसतो, तो अर्धाच दाखला होय.

बंगाईचा मासा

विष नसले तरी प्रश्न मिटत नाही, याचे उदाहरण इंडोनेशियात सापडते. सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांभोवती एक चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९३३ साली केले, पण बाजाराला त्याचा पत्ता १९९० च्या दशकात लागला. या माशाचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्ले निघाल्यावरही काही दिवस तोंडातच सांभाळतो. इतर प्रवाळी माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. याची जन्मस्थळीच राहतात. म्हणून एका ठिकाणचे मासे उपसले की दुसरीकडून तिथे येत नाहीत. आणि पकडायला इतके सोपे की विषाची गरजच नाही. २००० च्या सुमारास वर्षाला सहा-सात लाख मासे तिथून जात होते. २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले. २०१८ साली इंडोनेशियाने बंगाईभोवती त्याच्या प्रजननाच्या महिन्यांत पकडण्यास मनाई केली.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या कोळ्यांनी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवाव्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात जावे, ही रूढी कोणत्याही अहवालाच्या आधीची आहे. ती पाळली गेली, कारण सारा कोळीवाडा ती पाळत होता. एकट्याने पाळली असती तर तो उपाशी राहिला असता आणि मासे शेजाऱ्याने नेले असते.

जिथे लोकांच्या हाती कारभार आला

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे. हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पिवळ्या टँग माशाचा मोठा धंदा होता. तिथे सायनाइडची रीत नव्हती. परवानाधारक कोळी जाळ्याने मासे पकडीत. तरी पोहणारे, पर्यटकांना फिरवणारे आणि मासे पकडणारे यांच्यात वर्षानुवर्षे भांडण चालले. १९९८ साली कायदा झाला आणि किनाऱ्याचा किमान तीस टक्के भाग शोभेच्या मासेमारीला बंद करावा असे ठरले. कोणता भाग बंद करायचा, हे त्या त्या गावच्या लोकांनी एकत्र बसून सुचवले. सुमारे पस्तीस टक्के किनारा बंद झाला आणि पुढच्या वर्षांत त्या भागात पिवळे टँग वाढले. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणाची तपासणी झाल्याखेरीज परवाने देता येणार नाहीत असा निकाल दिला आणि त्या किनाऱ्यावरचा धंदा थांबला. मूळ हवाईयन रहिवाशांपैकी अनेकांना आपल्या पूर्वजांच्या पाण्यातले जीव दिवाणखान्यांसाठी नेणेच नापसंत होते. तेही मत आदराने ऐकले पाहिजे.

फिलिपीन्समधले आपो बेट पाहा. १९८० च्या दशकात सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आंजेल अल्काला आणि तिथले कोळी यांनी मिळून खडकाचा एक भाग मासेमारीला बंद ठेवला. राखण गावानेच केली, मासे वाढले. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर लेस नावाचे गाव आहे. तिथे शोभेचे मासे विषाने पकडून खडक उजाड झाला होता. २००० नंतर तिथल्या कोळ्यांनी विष सोडले, जाळे धरले आणि मोडलेल्या खडकाच्या जागी नवे सांगाडे बसवून प्रवाळ वाढवले. सायनाइड वापरणारे आणि सोडणारे हे एकाच गावचे लोक. माणसे तीच होती. आपल्या पाण्याचा कारभार त्यांच्या हाती आला, एवढाच फरक पडला.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मासे टाक्यांत पैदा करा, म्हणजे समुद्रही वाचेल आणि कटकटही मिटेल. विदूषक मासा १९७० च्या दशकापासून पैदा होतो आहे. निळा टँग २०१६ साली फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रथमच वाढवला गेला. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण कारखाना फ्लॉरिडात निघाला आणि पाणबुड्या फिलिपीन्समध्ये बेकार झाला, तर तो खडकावर काय घेऊन जाईल? यंत्रमाग आले तेव्हा हातमागवाल्याचे काय झाले, हे सोलापूर-इचलकरंजीला कोणी शिकवायला नको. पैदास करायचीच तर ती त्याच किनाऱ्यावर, त्याच माणसांच्या हाती असावी. आपल्या देशात लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शासकीय मत्स्यसंशोधन संस्थेने स्थानिक स्त्रियांना शोभेच्या कोळंबीच्या पैदाशीचे शिक्षण दिले आहे. लहान प्रयोग आहे, पण दिशा योग्य आहे. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणून पेटीत ठेवण्यासाठी ते कोणी विकू लागला तर तो गुन्हा आहे, हेही येथे सांगून ठेवतो.

तात्पर्य

‘मासा पेटीत ठेवावा की नाही?’ असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. जिवंत प्राणी कोंडून ठेवणे ज्याच्या मनाला पटत नाही, त्याने ठेवू नये. पण ज्याला ठेवायचा आहे त्याने दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्या. हा मासा कोणत्या पाण्यातला? तो कशाने पकडला? आणि पकडणाऱ्याला काय मिळाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कधी कधी मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाही. आणि ते मिळत नाही तोवर पहिल्या दोहोंच्या उत्तरांवर विश्वास ठेवायला आधार नाही.

मागण्या आमच्या नेहमीच्याच आहेत. नगाचा दर ठरलेला असावा आणि बाद मालाचा भार एकट्या पाणबुड्यावर पडू नये. उचलीच्या जागी त्याची स्वतःची सहकारी संस्था असावी आणि जाळे व औषधपाणी तिच्यातून मिळावे. गुन्हा ठरवायचा तर विष पुरवणाराही गुन्हेगार ठरावा आणि परदेशचा खरेदीदारही. आणि कोणता खडक केव्हा बंद ठेवायचा, हे त्या खडकावर जगणाऱ्यांना विचारून ठरावे. यांतली एकही मागणी माशासाठी म्हणून केलेली नाही. पण या पुऱ्या झाल्या तर मासाही वाचेल. आणि न झाल्या तर माशावर कितीही दया दाखवली तरी तो वाचणार नाही.